ढगांचे बेट : स्काय
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला स्कॉटलंडमधील स्काय ह्या बेटाविषयी चार शब्द बोलावयास सांगितले, याबद्दल मी मंडळाची आभारी आहे. माझे धाकटे दीर नोकरीनिमित्त ग्लासगो शहरी असतात. त्यांच्याकडे जाण्याचा योग आला, तेव्हा त्यांनी आणि जाऊबाईंनी मला आणि ह्यांना पाच दिवस हे बेट हिंडवून दाखविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तिकडच्या पाट्या आणि पुस्तके जाऊबाईंनी वाचून मला मराठीत समजावून दिली. म्हणून ह्या भाषणातील निम्मे श्रेय त्यांचे, हे आधीच सांगून टाकते.

तेथे काय काय पाहण्यासारखे आहे, ते मी सांगणारच आहे. पण स्थळांची नुसती जंत्री देऊन मी खाली बसणार नाही. स्कायचे सौंदर्य म्हणजे तेथील मोकळे, निर्मनुष्य रान. लोक दूरदूरच्या देशांतून तेच पाहावयास येतात. आणि हे रान पूर्वी निर्मनुष्य नव्हते, हे मला तेथे गेल्यावर कळले. तेव्हा आधी डोंगर सांगते आणि मग माणसे सांगते.

स्कॉटलंडच्या वायव्येकडील समुद्रात बेटांचा मोठा समूह आहे. त्यांतील किनाऱ्याजवळच्या बेटांत स्काय सर्वांत मोठे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,६५० चौरस किलोमीटर आहे. आकार मात्र सरळ नाही. हाताचा पंजा पसरावा तशी जमिनीची बोटे समुद्रात गेलेली आहेत आणि दोन बोटांच्या मधून समुद्र आत शिरला आहे. त्यामुळे बेटावर कोठेही उभे राहा, समुद्र फारसा दूर नसतो. ग्लासगोहून मोटारीने पाच-साडेपाच तास लागतात. पूर्वी नावेतून खाडी ओलांडावी लागे. १९९५ साली पूल झाला. ह्या पुलावरील जकात फार भारी होती. बेटावरच्या लोकांनी ती देण्याचे नाकारले. कित्येकांना न्यायालयाने दोषी ठरविले, तरी ते हटले नाहीत, आणि शेवटी २००४ च्या डिसेंबरात जकात बंद झाली. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण अन्याय्य वाटले तर ‘देणार नाही’ म्हणण्याची ह्या लोकांची रीत जुनी आहे.

गेलिक ही तेथील मूळची भाषा. त्या भाषेत स्कायला ‘धुक्याचे बेट’ असेही म्हणतात, आणि ते नाव अगदी सार्थ आहे. सकाळी खिडकीतून समोरचा डोंगर दिसला म्हणून चहा ठेवावा, तो चहा उकळेपर्यंत डोंगर नाहीसा होतो. पाऊस येतो, जातो, पुन्हा येतो. पण मे-जून महिन्यांत दिवस इतका मोठा असतो की रात्रीचे साडेदहा वाजले तरी उजेड असतो. मला तर झोपावयास जाण्याची लाज वाटे. दिवेलागण झाल्याशिवाय अंथरूण घालावयाचे तरी कसे?

आता डोंगरांविषयी. बेटाच्या उत्तरेस ट्रॉटर्निश नावाचा भाग आहे. तेथील कातळ पाहताच मी ह्यांना म्हणाले, ‘अहो, हा तर आपला घाटातला दगड!’ आणि ते खरेच निघाले. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी तेथे ज्वालामुखीचा रस थरांवर थर वाहिला आणि थिजला. आपला सह्याद्रीही अशाच रसाच्या थरांचा बनलेला आहे. तो थोडा अधिक जुना, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. दोन्हीकडे तोच काळा कातळ, दगडाची जात एक! तेथे समुद्रकाठी ‘किल्ट रॉक’ नावाचा उंच कडा आहे. स्कॉटलंडचे पुरुष किल्ट नावाचा चुण्यांचा घागरा नेसतात. ह्या कड्यातील दगडाचे उभे खांब त्या चुण्यांसारखे दिसतात, म्हणून हे नाव. मला विचाराल तर नऊवारीच्या निऱ्या नीट धरून उभ्या केल्या आहेत, असे वाटते. शेजारीच एक धबधबा कड्यावरून सरळ समुद्रात उडी घेतो. असेच खांब ज्यांना पाहावयाचे असतील त्यांनी मुंबईस अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहावी.

ह्या कठीण थरांच्या खाली मऊ, फार जुना दगड आहे. वरचे ओझे त्याला पेलवले नाही आणि डोंगराची अख्खी बाजू घसरून खाली आली. त्या घसरणीतूनच ‘ओल्ड मॅन ऑफ स्टॉर’, म्हणजे स्टॉरचा म्हातारा, नावाचा सुमारे ५० मीटर उंचीचा सुळका उभा राहिला आहे. पायथ्यापासून त्याच्याजवळ जाण्यास चांगली चढण आहे. मी दोनदा बसले, पण पोहोचले. उत्तरेकडे क्विरँग म्हणून जागा आहे. तेथे सुळके, घळी आणि मध्ये गवताची सपाट मेज, असा अजब देखावा आहे. तेथील जमीन अजूनही हळूहळू सरकते, आणि जवळच्या रस्त्याची दरवर्षी डागडुजी करावी लागते. स्टाफिन गावच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खडकावर डायनोसॉरच्या पावलांचे ठसे दिसतात. ते सोळा कोटी वर्षांहून जुने आहेत, म्हणजे ज्वालामुखीचा रस वाहण्याच्याही फार फार आधीचे.

बेटाच्या मध्यभागी कूलिन पर्वत आहेत. त्यांतील काळे कूलिन म्हणजे करवतीचे दातेच. सर्वांत उंच शिखर ९९२ मीटरचे आहे. आपल्या कळसूबाईपुढे हा आकडा लहान वाटेल. पण ते समुद्रातूनच सरळ उठल्यामुळे छाती दडपते. त्या दगडात लोहचुंबकाचा गुण आहे, म्हणून होकायंत्र तेथे भलतीच दिशा दाखविते. वाटाड्यावाचून धुक्यात त्या डोंगरावर जाऊ नये, असे सर्वजण सांगतात. शेजारचे तांबूस कूलिन मात्र गोल माथ्याचे आणि शांत आहेत. त्यांतील ग्लामेग हा डोंगर ७७५ मीटर उंचीचा आहे. १८९९ साली हरकबीर थापा नावाचा एक गुरखा शिपाई आपल्या साहेबाबरोबर तेथे गेला होता. तो स्लिगाखनच्या खाणावळीपासून अनवाणी धावत निघाला आणि ह्या डोंगराच्या माथ्यावर जाऊन ५५ मिनिटांत परत आला! तेथील लोक अजून त्याचे नाव घेतात. ग्लामेगच्या पायथ्याशी उभे राहून हे ऐकताना मला मोठी धन्यता वाटली.

कूलिनच्या पायथ्याशी ‘फेअरी पूल्स’, म्हणजे पऱ्यांचे डोह आहेत. पाणी इतके नितळ की तळचा खडा मोजावा, आणि इतके गार की पाय घालताच किंकाळी निघावी. पश्चिमेच्या टोकाला नीस्ट पॉइंट आहे. तेथील दीपस्तंभ १९०९ सालचा. कार्बोस्ट गावी १८३० पासूनचा मद्याचा कारखाना आहे. तो पुरुषमंडळींनी आतून पाहिला. आम्ही दोघी जावांनी बाहेर बसून थर्मासमधला चहा घेतला.

डनव्हेगनचा किल्ला हे मॅक्लाउड सरदारांचे ठाणे. सुमारे आठशे वर्षे ते एकाच घराण्याकडे आहे. तेथे एक जीर्ण रेशमी निशाण काचेत ठेवले आहे. ते एका परीने दिले आणि संकटात फडकविले की घराण्याचे रक्षण होते, अशी आख्यायिका आहे. ह्या घराण्याचा आपल्याशीही एक धागा आहे. नॉर्मन मॅक्लाउड नावाचा त्यांचा प्रमुख इंग्रजी फौजेतून हिंदुस्थानात लढावयास आला होता. १७८३ च्या एप्रिलात त्याच्या जहाजाची कोकण किनाऱ्यावर आनंदराव धुळपांच्या मराठी आरमाराशी गाठ पडली. तो जखमी होऊन पकडला गेला आणि त्याला आपल्या विजयदुर्गास नेण्यात आले. इतक्या दूरच्या किल्ल्यात उभे राहून विजयदुर्गाचे नाव आठवावे, ही मौजच नव्हे का?

किलम्यूर येथे फ्लोरा मॅकडोनल्ड हिची समाधी आहे. १७४६ साली कलोडनच्या लढाईत राजपुत्र चार्ल्स हरला आणि सरकारी फौज त्याच्या मागे लागली. ह्या चोवीस वर्षांच्या मुलीने त्याला बाईचे कपडे घालून, आपली दासी म्हणून नावेतून स्कायला आणले. पुढे ती पकडली गेली आणि तिला कैद झाली, पण १७४७ मध्ये सुटली. १७९० साली ती स्कायमध्येच वारली. त्या समाधीजवळच जुन्या घरांचे संग्रहालय आहे. गवताने शाकारलेली बुटकी दगडी घरे. वाऱ्याने छप्पर उडू नये म्हणून दोरांना दगड बांधून सोडलेले. दलदलीतील कुजून दबलेल्या मातीच्या विटा कापून, वाळवून त्यांचा जाळ करीत. आपल्याकडे शेणी लावतात तशी त्यांची रास घराबाहेर रचलेली असे. विणलेले लोकरी कापड घट्ट व्हावे म्हणून बायका एका लांब फळीभोवती बसून ते ओले कापड आपटीत, आणि त्या ठेक्यावर गाणी म्हणत. एकीने म्हणावे, बाकीच्यांनी धरावे. मला आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवल्या. काम तेच, आणि कष्ट विसरावयाची युक्तीही तीच.

मैत्रिणींनो, ही घरे पाहिल्यावर मी सहज विचारले, ‘अशा घरांत राहणारे लोक गेले कोठे?’ त्याचे उत्तर जाऊबाईंनी मला दुसऱ्या दिवशी बोररेगला नेऊन दिले.

बोररेग हे बेटाच्या दक्षिणेला समुद्रकाठचे गाव. तेथे मोटार जात नाही. एका पडक्या देवळापासून माळावरून पायी जावे लागते. पुढे उतारावर समुद्र दिसतो आणि हिरवेगार गवत दिसते. आजूबाजूचा माळ तपकिरी. हा तुकडाच हिरवा का? कारण पिढ्यान्‌पिढ्या खत घालून ती जमीन पोसलेली आहे. गवतात भिंती उभ्या आहेत. छप्पर नाही, दार नाही. उंबरठ्याची जागा ओळखू येते. शेताचे वाफे अजून जमिनीवर उमटलेले दिसतात. आणि त्या सगळ्यावर मेंढ्या चरत आहेत.

त्याचे कारण मेंढ्याच. जमीनदारांना कुळांच्या खंडापेक्षा मेंढपाळीत जास्त पैसा दिसू लागला. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून साऱ्या डोंगराळ स्कॉटलंडात गावेच्या गावे उठविण्यात आली. बोररेग आणि शेजारचे सुइश्निश ही गावे १८५३ साली खाली केली. आर्चिबाल्ड गीकी नावाचा तरुण भूगर्भशास्त्रज्ञ त्या वेळी डोंगरांत दगडांचा अभ्यास करीत होता. सुइश्निशचे लोक घर सोडून चालले असता त्यांचा आक्रोश त्याने कानांनी ऐकला, आणि म्हातारपणी आपल्या आठवणींत लिहून ठेवला. म्हातारे गाडीत, पोरे बाजूने चालत, असा तो तांडा होता. कित्येक लोक अशा रीतीने कॅनडास आणि ऑस्ट्रेलियास गेले. १८४१ साली स्कायची वस्ती सुमारे तेवीस हजार होती. १९७१ साली ती सात हजारांच्या घरात आली. आता ती पुन्हा वाढून २०११ च्या शिरगणतीत दहा हजारांच्या आसपास झाली आहे.

आपण ज्याला निवांत देखावा म्हणतो, तो कोणाचे तरी मोडलेले घर असू शकतो, हे बोररेगला मला प्रथम नीट कळले. मी त्या भिंतीपाशी चूल कोठे असेल, ते पाहत राहिले. बाईमाणसाचे लक्ष आधी तिकडेच जावयाचे.

पण सगळेच लोक मुकाट्याने गेले नाहीत. पोर्ट्री हे स्कायचे मुख्य गाव. बंदरावर रंगीत घरांची ओळ आहे. तेथून काही मैलांवर ब्रेज नावाची वस्ती आहे. तेथील लोकांचे बेन ली डोंगरावरील गायरान जमीनदाराने काढून घेतले होते. ते परत मिळेपर्यंत खंड देणार नाही, असे त्यांनी ठरविले. १८८२ च्या एप्रिलात घराबाहेर काढण्याच्या नोटिसा घेऊन अंमलदार आला. लोकांनी त्या जाळून टाकल्या. मग ग्लासगोहून सुमारे पन्नास पोलीस आणविले. त्यांनी पाच जणांना पकडले, तेव्हा वाटेतील खिंडीत गाव जमला. पुढे बायका होत्या. त्यांनी दगडांचा मारा केला, पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या, डोकी फुटली. पाच जणांना पोलीस घेऊन गेलेच. पण त्या दिवशीचा दगडांचा आवाज लंडनपर्यंत पोहोचला. पुढच्याच वर्षी सरकारने चौकशी समिती नेमली आणि तिची पहिली बैठक ब्रेजलाच भरली. १८८६ साली कायदा झाला : कुळाला जमिनीवरून मनास येईल तेव्हा उठविता येणार नाही, खंड वाजवी असावा, आणि जमीन वारसास मिळावी. आज ब्रेजच्या रस्त्याकाठी त्या लढ्याची आठवण म्हणून दगडांचा चौथरा आहे. प्रवाशांच्या मोटारी स्टॉरच्या म्हाताऱ्याकडे जातात. तेथे फारसे कोणी थांबत नाही. आम्ही थांबलो.

ह्या चळवळीची कवयित्री एक सामान्य बाई होती. मेरी मॅकफर्सन तिचे नाव. ‘गाण्यांची थोरली मेरी’ अशा अर्थाच्या गेलिक नावाने तिला सारे ओळखतात. ती १८२१ साली स्कायमध्ये जन्मली. नवरा चर्मकाम करी. तो गेल्यावर ती चाकरीस राहिली. तेथे १८७२ साली तिच्यावर कपडे चोरल्याचा आळ आला आणि तिला तुरुंगात घातले. आपण निर्दोष आहोत, असे ती शेवटपर्यंत सांगत राहिली. त्या दुःखातून, पन्नाशी उलटल्यावर, तिला गाणी सुचू लागली. तिने ग्लासगोस दाईचे आणि परिचारिकेचे शिक्षण घेतले, आणि कुळांच्या सभांतून तिची गाणी लोक म्हणू लागले. तिला छापलेले वाचता येई, पण लिहिता येत नसे. तिच्या तोंडून हजारो ओळी दुसऱ्याने उतरवून घेतल्या, आणि १८९१ साली तिचे पुस्तक निघाले. आपल्या बहिणाबाई चौधरींची आठवण होते की नाही? बहिणाबाईंची गाणीही त्यांच्या मुलाने टिपून घेतली, म्हणून आपल्याला मिळाली.

आज स्कायमध्ये दहांत सुमारे तीन माणसांना गेलिक येते, असे २०११ ची शिरगणती सांगते. रस्त्यांच्या पाट्या दोन्ही भाषांत आहेत, आणि १९७३ साली दक्षिण स्कायमध्ये सुरू झालेले महाविद्यालय गेलिकमधून शिकविते. दुसरीकडे पाहुण्यांची गर्दी इतकी वाढली आहे की पुष्कळ घरे प्रवाशांना भाड्याने देण्यासाठीच ठेवली जातात, आणि तेथील तरुण जोडप्यांना राहावयास घर मिळणे कठीण झाले आहे. पूर्वी मेंढ्यांसाठी माणसे गेली. आता आमच्यासारख्या पाहुण्यांसाठी जाऊ नयेत, असे मला वाटते.

कोणास जावयाचे असल्यास थोड्या व्यवहाराच्या गोष्टी सांगते. रस्ते बरेचसे एका मोटारीपुरते आहेत. मध्ये मध्ये थांबावयाची जागा असते, तेथे थांबून समोरच्यास वाट द्यावी आणि हात वर करून नमस्कार घ्यावा. उन्हाळ्यात मिज नावाची बारीक चिलटे चावून हैराण करतात. वारा असला की ती येत नाहीत. पावसाळी अंगरखा आणि जाड तळव्यांचे बूट न्यावेत. शाकाहारी असाल तर दशम्या, चटणी आणि भाजके पोहे बरोबर असू द्यावेत. पडक्या घरांच्या भिंतींवर चढू नये, आणि तेथील दगड आठवण म्हणून उचलून आणू नये.

आता शेवटचे. आपल्या मंडळाची सहल दरवर्षी निघते. धरणाचे पाणी पाहावयास आपण जातो, काठावर डबे सोडतो, ‘काय सुरेख आहे!’ म्हणतो. त्या पाण्याखाली कोणाचे गाव होते, हे एकदा तेथल्या म्हाताऱ्या बाईला विचारावे. तेवढ्याने आपला आनंद कमी होणार नाही. आणि आपल्या मंडळातील वयस्क भगिनींना अजून ओव्या येतात, गावाकडची गाणी येतात. एका वहीत त्या उतरवून ठेवाव्यात, अशी माझी सूचना आहे. गुरुवारी दुपारी एक तास बसले तरी पुरे. ज्यांना लिहिता येते त्यांनी लिहावे, ज्यांना गाता येते त्यांनी गावे. वही मी आणीन.